सीझन फसला म्हणजे नेमकं काय फसलं?

जुन्या, लोकप्रिय फॅन्टसी ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचा, नवा सीझन सुरू झाला की दुसऱ्याच आठवड्यात निकाल ऐकू येतो: "पहिल्यासारखी मजा नाही राहिली." हे खरं असेलही, पण त्यातून काहीच हाती लागत नाही. मूळ कादंबरीच त्या टप्प्यावर संथ आहे, की तिचा ॲनिमे करताना नको तिथे कात्री लागली? चित्रं काढणाऱ्यांना वेळ पुरला नाही, की दिग्दर्शक बदलला आणि त्याची नजर वेगळी निघाली? की पाहणाऱ्याच्या मनातला चार वर्षांपूर्वीचा सीझन आठवणीत जास्तच गोड झालाय? हे सगळे वेगवेगळे दोष आहेत आणि प्रत्येकाचा धनी वेगळा आहे. म्हणून आधी या सीझनच्या वाट्याला काय आलं होतं ते पाहायचं, आणि मग त्याचं त्याने काय केलं ते.

मुख्य उदाहरण म्हणून 'री:झीरो' घेऊ, कारण त्याचे पहिले तीन सीझन शेजारी ठेवले की जवळजवळ प्रत्येक मुद्दा दिसतो. तापेई नागात्सुकी यांनी ही कथा २०१२ मध्ये जपानमधल्या एका वाचक-लेखक संकेतस्थळावर लिहायला घेतली. २०१४ पासून तिची लाइट नॉव्हेल, म्हणजे अधूनमधून चित्रं असलेली छोट्या आकाराची कादंबरीमालिका, निघू लागली आणि २०१६ मध्ये व्हाइट फॉक्स या स्टुडिओने ॲनिमे केला. कथेचं बीज एका ओळीत सांगता येतं. सुबारू नावाचा मुलगा परक्या जगात जाऊन पडतो. तिथे तो मेला की काळात मागे, एका ठरावीक क्षणाला परत येतो. आणि हे त्याला कोणालाही सांगता येत नाही. यापुढचं कथानक इथे फारसं फोडणार नाही.

आधी हिशेब: किती पानं, किती मिनिटं

ॲनिमेचा वेग हा विषय भावनेवर सोडू नका, त्याचा सरळ हिशेब होतो. जपानी टीव्हीचं वर्ष जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार तिमाह्यांत विभागलेलं असतं. एका तिमाहीला 'कूर' म्हणतात आणि एका कूरमध्ये साधारण ११ ते १३ एपिसोड बसतात. एक एपिसोड सुमारे २४ मिनिटांचा. त्यातलं ओपनिंगचं गाणं दीड मिनिट, एंडिंगचं दीड मिनिट. म्हणजे कथेला उरतात वीस-एकवीस मिनिटं.

आता 'री:झीरो'चे आकडे. पहिल्या सीझनचे २५ एपिसोड, त्यातला पहिला दुप्पट लांबीचा, म्हणून २६ धरू. त्यात कादंबरीची पहिली ९ पुस्तकं संपवली. एका पुस्तकाला जवळपास २.९ एपिसोड मिळाले. दुसरा सीझन २०२० आणि २०२१ मध्ये दोन तुकड्यांत आला: २५ एपिसोड, पुस्तकं १० ते १५, म्हणजे एका पुस्तकाला ४.२. तिसरा ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५: १६ एपिसोड, पण पहिलाच ९० मिनिटांचा असल्यामुळे १९ धरायला हवेत. पुस्तकं १६ ते २०. एका पुस्तकाला ३.८.

पुस्तकं सारख्या जाडीची नसतात, त्यामुळे या आकड्याला काट्याचं वजन समजू नये. तरी एवढ्यावरूनही बरंच कळतं. पहिला सीझन तिघांत सर्वांत घाईचा होता. तरीही तो सुसाट वाटला, घाईचा नाही वाटला. कारण त्या पुस्तकांतला मोठा भाग सुबारूच्या मनातल्या विचारांचा आहे आणि तो चेहऱ्यावर, आवाजात, शांततेत मुरवता येतो. दुसऱ्या सीझनला सर्वांत जास्त जागा मिळाली, तरीही अनेकांना तोच जड गेला, कारण त्या टप्प्यावर कथाच एका जागी थांबून माणसांचा भूतकाळ उकलत बसते. निर्मात्यांनी तिथे आणखी जागा मिळवण्यासाठी बऱ्याच एपिसोडांतून ओपनिंग-एंडिंग काढून टाकलं. बारा एपिसोडांत तीन-तीन मिनिटं वाचली तर ३६ मिनिटं होतात, म्हणजे पावणेदोन एपिसोडांची कथा. असा सीझन संथ वाटला तर तो दोष रूपांतराच्या माथी मारता येत नाही. उलट ते त्या मजकुराशी प्रामाणिक राहिले.

'ओव्हरलॉर्ड'मध्ये हा फरक आणखी स्वच्छ दिसतो. पहिले तीनही सीझन मॅडहाउस स्टुडिओचे, प्रत्येकी १३ एपिसोडांचे आणि प्रत्येकी तीन पुस्तकांचे. वेग तंतोतंत तोच. तरी दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला "गाडी अडकली" अशी तक्रार झाली, कारण तिथे मुख्य पात्र बाजूला राहून सरडेमाणसांच्या टोळ्यांची गोष्ट चालते. आकडा तोच आणि अनुभव वेगळा असेल, तर कारण मूळ मजकुरात शोधायचं.

मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, केलेल्या ॲनिमेत पुस्तकांऐवजी चॅप्टर मोजा. आठवडी ॲनिमेत एका एपिसोडला दोन ते तीन चॅप्टर हा सर्वसाधारण वेग असतो. 'वन पीस' ऑक्टोबर १९९९ पासून सुरू आहे, आणि मूळ मांगाला गाठू नये म्हणून त्याचे अनेक एपिसोड एका चॅप्टरपेक्षाही कमी मजकुरावर चालले. एकाच किंकाळीवर पाच जणांचे चेहरे का दाखवतात, त्याचं उत्तर इथे आहे. 'डीमन स्लेयर'चा २०२४ मधला हाशिरा प्रशिक्षणाचा सीझन याच्या जवळचा, पण कारण वेगळं. मांगातले जेमतेम डझनभर चॅप्टर आठ एपिसोडांत पसरले, कारण पुढची मोठी लढाई चित्रपटांसाठी राखायची होती. तिथे नव्याने भरलेली दृश्यं पात्रांना काही देतात का, एवढाच प्रश्न विचारायचा.

स्टुडिओच्या नावापेक्षा माणसांची नावं पाहा

"स्टुडिओ बदलला, आता संपलं" हे वाक्य निम्म्या वेळा खोटं ठरतं. 'अटॅक ऑन टायटन'चे २०१३ ते २०१९ मधले तीन सीझन विट स्टुडिओने केले, अंतिम सीझन डिसेंबर २०२० पासून 'मापा' या स्टुडिओने घेतला. रेषा बदलल्या, रंग मळकट झाले, टायटन, म्हणजे कथेतले महाकाय राक्षस, संगणकावर उभे राहिले. पण कथाही तिथे पूर्णपणे पालटलेली होती, आणि तो कोरडा, युद्धपटासारखा रंग तिला शोभला. 'सेव्हन डेडली सिन्स'मध्ये उलटं झालं. पहिले दोन सीझन ए-वन पिक्चर्सचे, ऑक्टोबर २०१९ चा तिसरा स्टुडिओ डीनचा, आणि कथेतली ज्याची वाट पाहिली जात होती ती लढत इतक्या ओबडधोबड चित्रांत आली की तिची छायाचित्रं जगभर फिरली.

दुसरीकडे, स्टुडिओ तोच राहूनही सीझन बदलतो. 'री:झीरो'चे हे तीनही सीझन व्हाइट फॉक्सचे. पण पहिल्या दोघांचे दिग्दर्शक मासाहारू वातानाबे होते आणि तिसऱ्याचे मासाहिरो शिनोहारा. पात्ररेखाटनही दुसऱ्या हातात गेलं. संगीतकार केनइचिरो सुएहिरो आणि पटकथेची आखणी करणारे मासाहिरो योकोतानी मात्र कायम राहिले. म्हणून तिसऱ्या सीझनमध्ये संवादांची चाल ओळखीची वाटते, पण कॅमेरा वेगळा वागतो.

श्रेयनामावलीत चार पदं शोधा. 'शिरीझु कोसेई' म्हणजे कोणत्या एपिसोडात किती कथा बसवायची हे ठरवणारा. वेगाचे दोष त्याच्याकडे जातात. 'एकॉन्ते' म्हणजे एपिसोडचा चित्रआराखडा, ज्यात प्रत्येक शॉट कुठून दिसणार ते ठरतं. 'एन्शुत्सु' हा त्या एका एपिसोडचा दिग्दर्शक. आणि 'साकुगा कान्तोकु' वेगवेगळ्या हातांची चित्रं दुरुस्त करून पात्रांचे चेहरे एकसारखे ठेवतो. या शेवटच्या पदाखालची नावं मोजा. दोन-चार नावं असणं नेहमीचं. साध्या, शांत एपिसोडला अचानक बारा-पंधरा नावं दिसली, तर बहुतेक वेळा शेवटच्या दिवसांत सगळ्यांनी मिळून ठिगळं लावलेली असतात. भव्य लढाईच्या एपिसोडला मात्र ही खूण लावू नका, तिथे माणसं मुद्दामच जास्त घेतलेली असतात.

चित्रं: काय पाहायचं, काय सोडून द्यायचं

पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात, पण २४ नवी चित्रं कोणी काढत नाही. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं तर सेकंदाला १२ चित्रं होतात, तीन चौकटी धरलं तर ८. हा आळस नव्हे. ओसामू तेझुका यांच्या स्टुडिओने १ जानेवारी १९६३ ला 'ॲस्ट्रो बॉय' सुरू केला, तेव्हा दर आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम देण्यासाठी अशीच काटकसर केली, आणि जपानी ॲनिमेशनची पुढची सगळी भाषा त्या काटकसरीतून घडली. त्यामुळे "हालचाल कमी आहे" ही तक्रार एकटी पुरेशी नाही. स्थिर चित्रावर आवाज आणि शांतता नीट बसवली, तर ते दृश्य धावपळीपेक्षा जास्त लागतं.

व्हिडिओ थांबवून मधलंच विकृत चित्र दाखवणं ही तर शुद्ध चूक. वेगवान हालचालीत हात ताणलेला, चेहरा पसरलेला काढतात, तो डोळ्याला वेग वाटावा म्हणूनच. ते चित्र एक-दोन चौकटींपुरतं असतं. थांबवून पाहण्यासाठी ते काढलेलंच नाही.

वेळ पुरला नाही हे खरंतर दुसऱ्या खुणांवरून कळतं. मध्यम अंतरावरच्या शॉटमध्ये चेहऱ्याचा साचा बिघडतो, म्हणजे जवळून ओळखू येणारं पात्र चार पावलं मागे गेलं की परकं दिसतं. घाव बसण्याऐवजी घाव पाहणाऱ्यांचे चेहरे दाखवले जातात. पात्रावरचा प्रकाश एका बाजूने आणि मागच्या भिंतीवरचा दुसऱ्या बाजूने येतो, त्यामुळे माणूस चिकटवल्यासारखा वाटतो. पाय जमिनीवर पडतात पण वजन पडत नाही. संगणकावर बनवलेली पात्रं अखंड गुळगुळीत चालतात आणि हाताने काढलेली टप्प्याटप्प्याने, म्हणून दोघं एका दृश्यात आली की डोळा अडखळतो. 'ओव्हरलॉर्ड'च्या तिसऱ्या सीझनमधल्या सैन्याच्या दृश्यांवर झालेली टीका मुख्यतः या शेवटच्या कारणाची होती.

हे सगळं पहिल्या एपिसोडात शोधू नका. पहिल्या एपिसोडला भरपूर वेळ मिळालेला असतो आणि शेवटच्यासाठी चांगले हात राखून ठेवलेले असतात. मार बसतो तो मधल्यांना, साधारण पाचव्यापासून नवव्यापर्यंत. सीझनची तब्येत तपासायची असेल तर तिथली नाडी बघा. मध्येच मागील भागांची उजळणी करणारा एपिसोड आला, किंवा प्रसारण पुढे गेलं, तर तो वेळापत्रक ताणल्याचा इशारा असतो. पण प्रसारण लांबणं वाईटच असं नाही. 'री:झीरो'चा दुसरा सीझन एप्रिल २०२० चा होता, करोनामुळे जुलैत गेला, आणि चित्रांत घाई दिसली नाही.

फॅन्टसीची खास परीक्षा

इतर ॲनिमेपेक्षा फॅन्टसीत एक जास्तीचं ओझं असतं: जगाचे नियम. जादूला काय किंमत पडते, कोण कोणाला हरवू शकतो, कुठून कुठे जायला किती दिवस लागतात. पहिल्या सीझनमध्ये हे नियम शिकवले जातात. तिसऱ्या-चौथ्या सीझनची परीक्षा ते पाळण्यात असते. नायक जिंकला, तर ज्या युक्तीने जिंकला ती आधी कुठे दिसली होती का, हे विचारा. लढाई ऐन रंगात असताना पहिल्यांदाच नवी शक्ती समजावून सांगितली जात असेल, तर बांधणी कच्ची आहे. मग तपासा की मूळ पुस्तकात तो उल्लेख आधी होता आणि ॲनिमेत गाळला गेला, की मुळातच नव्हता. हा फरक फार महत्त्वाचा आहे. गाळलेला असेल तर दोष पटकथेचा, आणि मोठ्या मालिकांत हेच जास्त वेळा घडतं: दुसऱ्या सीझनमध्ये वीस सेकंदांचा संवाद अनावश्यक म्हणून कापला जातो आणि चौथ्यात त्याची गरज पडते.

लढाई तपासायला सोपा उपाय आहे. आवाज बंद करून पाहा. कोण कुठे उभा आहे, कोण कोणत्या दिशेने सरकला, नेमकं कोणत्या क्षणी पारडं फिरलं, हे नुसत्या चित्रांतून कळलं तर दिग्दर्शन पक्कं. नंतर उलट करा, चित्र न पाहता आवाज ऐका. संगीत प्रत्येक क्षणी टिपेला असेल तर दृश्यावर दिग्दर्शकाचाच भरवसा नाही असं समजा.

संवादांचंही असंच नीट पाहायला हवं. 'दॅट टाइम आय गॉट रीइनकार्नेटेड ॲज अ स्लाइम', थोडक्यात 'स्लाइम', या मालिकेचा तिसरा सीझन, एप्रिल ते सप्टेंबर २०२४, 'बैठकांचा सीझन' म्हणून बदनाम झाला. पण बैठक म्हणून बैठक वाईट नसते, विशेषतः राज्य उभारण्याच्या कथेत. कसोटी अशी: बैठक संपल्यावर कोणाला तरी नवं काही कळलं का, कोणाचा निर्णय बदलला का, कोणाची भीती उघडी पडली का? यांपैकी काहीच झालं नसेल आणि प्रेक्षकांना आधीच ठाऊक असलेलं पात्रं एकमेकांना सांगत असतील, तर ते दृश्य निम्म्यावर यायला हवं होतं. 'स्लाइम'च्या त्या सीझनमध्ये दोन्ही प्रकारच्या बैठका आहेत. शत्रूच्या गोटातली संशयाची कुजबुज कथा पुढे नेते, आपल्या गोटातले अहवाल मात्र तिला थांबवतात. याउलट 'री:झीरो'च्या पहिल्या सीझनचा अठरावा एपिसोड जवळजवळ पूर्णच दोन माणसांचं बोलणं आहे, आणि मालिकेतला सर्वांत लक्षात राहिलेला एपिसोड तोच. कारण बोलणं सुरू होताना जो सुबारू असतो, तो बोलणं संपताना उरत नाही.

कधी आणि कोणत्या प्रतीत पाहायचं

'तीन एपिसोड पाहून ठरवा' हा नियम नव्या मालिकेसाठी ठीक आहे. चालू मालिकेच्या नव्या सीझनला तो लावला तर अन्याय होतो, कारण कथा मध्यापासून सुरू झालेली असते. मूळ पुस्तकाचा एक पूर्ण टप्पा संपेपर्यंत थांबावं. 'री:झीरो'च्या तिसऱ्या सीझनचे पहिले आठ एपिसोड नोव्हेंबर २०२४ मध्ये संपले, उरलेले आठ फेब्रुवारीत सुरू झाले. पहिल्या तुकडीत शत्रू पाण्याच्या शहराचा ताबा घेतो, दुसऱ्या तुकडीत प्रतिहल्ला होतो. नुसत्या पहिल्या तुकडीवर दिलेलं मत म्हणजे अर्ध्या वाक्यावर दिलेलं मत.

आठवड्याला एक पाहणं आणि सलग पाहणं यांतही फरक पडतो. चार ठिकाणी चार लढाया एकाच वेळी चालू असतील, तर आठवडी प्रेक्षकाला एखादी लढत पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा दिसते, तोवर धागा सुटतो. सलग पाहताना तीच रचना घट्ट वाटते. मत देताना कसं पाहिलं हे सांगावं.

सीझन सुरू होण्याआधी मागच्या सीझनचे शेवटचे तीन एपिसोड पाहाच, पण त्यासोबत मधला एखादा सामान्य एपिसोडही पाहा. आठवणीत फक्त शिखरं राहतात. नव्या सीझनच्या सहाव्या एपिसोडाची तुलना जुन्या सीझनच्या सहाव्याशी व्हावी, त्याच्या शिखराशी नव्हे.

प्रतीचंही भान ठेवा. १६ डिसेंबर १९९७ ला 'पोकेमॉन'च्या एका एपिसोडमधल्या लाल-निळ्या झगमगाटामुळे शेकडो मुलांना त्रास होऊन रुग्णालयात न्यावं लागलं. तेव्हापासून जपानी प्रसारणात झगमगती दृश्यं मुद्दाम काळवंडून आणि धूसर करून दाखवतात. जादूच्या स्फोटांनी भरलेल्या लढाईत हे हमखास होतं. "चित्र अंधारं आहे" म्हणून चित्रकारांना दोष देण्याआधी ही शक्यता लक्षात घ्या. ब्लू-रेवर तोच प्रसंग उजळ असतो, शिवाय बिघडलेले चेहरेही अनेकदा दुरुस्त केलेले असतात. दुरुस्ती झाली म्हणून प्रसारणातला दोष पुसला जात नाही, पण मत कोणत्या प्रतीबद्दल आहे ते स्पष्ट हवं. हिंदी किंवा इंग्रजी डबमध्ये पाहत असाल तर आवाजाच्या अभिनयाचं मत त्या डबचं समजा, मूळ कलाकारांचं नव्हे. आणि सबटायटलमध्ये एकाच पदवीचं किंवा जादूचं नाव दोन सीझनमध्ये दोन तऱ्हेने लिहिलेलं असेल, तर गोंधळ भाषांतराचा आहे, कथेचा नाही.

आता हे सगळं 'री:झीरो'च्या तिसऱ्या सीझनला लावून पाहू. मजकूर: काळात परतण्याचे फेरे आधीपेक्षा कमी, पात्रं भरपूर, सुबारू अनेकांपैकी एक. हा बदल लेखकाचा आहे, स्टुडिओचा नाही, आणि ज्याला पहिल्या सीझनची घुसमट आवडली होती त्याची निराशा इथून येते. वेग: पुस्तकामागे ३.८ एपिसोड, म्हणजे पुरेशी जागा. पण ९० मिनिटांच्या पहिल्या एपिसोडातला बराच वेळ पात्रं एकत्र आणण्यात जातो आणि शेवटच्या लढायांमध्ये श्वास घ्यायला तेवढी जागा उरत नाही. हा आखणीचा दोष. चित्रं: लढायांची भूमिती स्पष्ट, कॅमेरा आधीच्या सीझनपेक्षा मोकळा. संवाद: खलनायक रेग्युलसची लांबलचक भाषणं अनेकांना कंटाळवाणी वाटली. पण स्वतःच्या हक्कांबद्दल न थांबता बोलत राहणं हाच त्या माणसाचा स्वभाव आहे, आणि ती भाषणं कापली असती तर त्याचा पराभव इतका समाधान देणारा झाला नसता.